हौशीरामनं शेकलेला ड्रम

कार्ल्याच्या हौशीरामला जिथं तिथं नाक खुपसायची भारी खोड. गावात नवा माणूस उतरला की तो कुणाकडे आला, कशाला आला आणि त्याच्या पिशवीत काय आहे, हे कळेपर्यंत हौशीरामला जेवण गोड लागायचं नाही. ह्यांना पोलिसात घेतलं असतं तर चोरांनी कंटाळून शेती धरली असती, असं त्याची बायको बयाबाई म्हणायची. स्वभावच तसा, त्याला औषध नव्हतं. पण याच खोडीपायी तो घाटातल्या ट्रकवरून उठून चार केसाळ पोरांच्या बॅन्डबरोबर गावोगाव फिरायला लागला.

ते घडलं अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात. कार्ले फाट्यावर एक जुनी डॉज गाडी वाफा सोडत उभी राहिली. तिच्यावर पिवळा कंदील रंगवलेला आणि खाली इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. लोकांना वाटलं, कंदील निशाणीवाला कुणी उमेदवार आला. एका म्हाताऱ्यानं तर सभा देवळात आहे का शाळेत, असंही विचारून घेतलं. उतरली ती फुलाफुलांच्या सदऱ्यातली, मानेवर केस रुळणारी चार पोरं. हौशीराम ठेकेदाराच्या ट्रकवर पंधरा वर्षं बोरघाट चढत-उतरत होता. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यानं रेडिएटरला पाणी आणून दिलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. पेट्यांत काय आहे? त्या तंबोऱ्याला वायर कशाला? केसांबद्दल घरी आई काही बोलत नाही का? गिटार वाजवणारा रुस्तम त्यांचा म्होरक्या. त्यानं डझनभर उत्तरं दिली आणि मग एकच प्रश्न विचारला, की गाडी येते का चालवायला? त्यांचा ड्रायव्हर घाटाला घाबरून खंडाळ्यातच उतरून गेला होता, आणि तिथून गाडी रुस्तमनंच कशीबशी इथवर आणली होती.

हौशीराम पुण्यापर्यंत म्हणून गेला आणि चार दिवसांनी घरी आला. पुढं दोन वर्षं तो त्यांचाच झाला. देवळाली, नगर, कोल्हापूर, जिथं कॉलेज किंवा क्लब असेल तिथं डॉज जायची. लागलेलं काम सोडून हे काय, म्हणून बयाबाईनं पंधरा दिवस अबोला धरला, पण हौशीरामला तो फारसा जाणवला नाही, कारण तो घरी होताच कुठं? ही पोरं एकमेकांशी शिवीगाळ करून भांडतात आणि दुसऱ्या मिनिटाला एका सुरात गातात, हे त्याला कोडंच होतं. त्याहून मोठं कोडं म्हणजे हे स्टेजवर नेमकं करतात तरी काय. क्लबात ड्रायव्हरनं बाहेर गाडीशी थांबायचं असा रिवाज. भिंतीतून धडधड ऐकू यायची, पोरीपोरांचा आरडाओरडा ऐकू यायचा, पण दोन वर्षांत त्यानं एकही कार्यक्रम डोळ्यांनी बघितला नव्हता.

रुस्तमचा नियम एकच होता: गाडी तुझी, वाद्यं आमची. पेट्या उचलायच्या, उघडायच्या नाहीत. एकदा आवाज नेमका राहतो कुठं हे बघायला हौशीरामनं त्यांच्या भोंग्याच्या पेटीचं मागचं फळकूट काढलं होतं. तेव्हा रुस्तमनं सांगून ठेवलं, पुन्हा हात लावलास तर घरी जायचं. हौशीरामनं कान पकडले. घरी जायचं म्हणजे पुन्हा ट्रक, तोच घाट, तेच सिमेंट.

सत्तर सालच्या श्रावणात ते लोणावळ्यात एका खाणावळीच्या खोल्यांत मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी तीनला पुण्याच्या एका कॉलेजात कार्यक्रम. लोणावळ्याचं धुकं ते, अंगातले कपडेसुद्धा ओले करतं. ड्रम वाजवणारा आग्नेलो हा वसईकडचा, मराठी बोलणारा पोरगा. छोट्या ड्रमचा आवाज मेलाय, अशी तो संध्याकाळभर कुरकुर करत होता. हौशीरामनं ते ऐकलं आणि त्याला गालातल्या गालात हसू आलं. एवढं शिकलेली पोरं आणि एवढं साधं कळू नये! त्यांच्या गावचा दत्तोबा कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवायचा. दमट हवेत कातडं सैल पडलं की तो काट्याकुट्यांचा जाळ करून हलगी शेकायचा, आणि मग ती अशी कडकडायची की पैलवानाचा हात आपोआप मांडीवर पडायचा. हौशीराम लहानपणापासून त्या जाळाशी बसलेला.

सकाळी पोरं घोरत असताना त्यानं ड्रम पेटीतून काढला आणि स्वयंपाकघरात नेला. खाणावळीच्या कस्तुराबाईनं नुकतीच शेगडी फुलवली होती. नियम मोडतोय हे त्याला ठाऊक होतं. पण आवाज खणखणीत झाल्यावर कोण कशाला बोलेल, असा त्याचा हिशेब. त्यानं ड्रम उपडा करून निखाऱ्यावर धरला. दत्तोबा दहा आकडे मोजायचा. हौशीरामचे चार झाले नाहीत तोच पांढरं पान सुरकुतलं, आक्रसलं आणि मधोमध वाटीएवढं भोक पडलं. घाणेरडा वास सुटला. तरी गड्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे कातडं कुठल्या जनावराचं?

ते जनावराचं नव्हतंच, प्लॅस्टिकचं होतं. आग्नेलोच्या वडिलांनी बोटीवरून आणलेलं, आणि तसं दुसरं जवळ नव्हतं. रविवारी दुकानं बंद. कस्तुराबाईनं सुचवलं, उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगा, आमच्याकडे उंदरांना काय तोटा. पण उंदीर कुरतडतो, वितळवत नाही, हे हौशीरामला कळत होतं. शिवाय खोटं बोलून ज्यांच्यासोबत बसून चहा प्यायचा, त्यांच्याकडे बघायचं कसं? तो भोकाचा ड्रम घेऊन पोरांच्या खाटेपुढं उभा राहिला आणि झालं ते सगळं सांगितलं.

आग्नेलोनं भोकात बोट घालून बघितलं. रुस्तम मात्र ओरडलासुद्धा नाही, तेच वाईट होतं.

"आजचा शो होऊ दे," तो म्हणाला. "मग गाडीची चावी देऊन टाक, नि घरी जा."

हौशीरामनं ड्रम खाटेवर ठेवला. तो म्हणाला, "जातो. पर मी बिघडिवलंय तर मीच निस्तारतो. जाता जाता कार्ल्यात धा मिन्टं थांबा."

कार्ल्यात दत्तोबानं आधी लगीन कुनाचं म्हणून विचारलं. मग सगळी हकिगत ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. दोन हलग्या मात्र त्यानं दिल्या. बुधवारी परत पाहिजेत म्हणून बजावलं, आणि एक शेकावर ठेव, एक वाजवायला दे, म्हणजे अडायचं नाही, असंही शिकवून ठेवलं. शेगडी कस्तुराबाईनं आपणहून गाडीत चढवली होती. कोळसेही तिनंच दिले. आपल्याच निखाऱ्यावर हा घोळ झाला, याची तिला टोचणी असावी.

आणि अशा रीतीनं हौशीराम आयुष्यात पहिल्यांदा स्टेजजवळ पोचला. पडद्याच्या बाजूला, विंगेत, शेगडीशी उकिडवा. छोट्या ड्रमच्या जागी त्याच्या लोखंडी घोडीवर सुतळीनं हलगी बांधलेली. आग्नेलोनं पहिली काडी मारली तसा सणसणीत आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत गेला आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी माना वर केल्या. दीड गाणं झालं की हलगीचा आवाज उतरायचा. मग गाणं संपताच हौशीराम वाकून पळत जायचा, थंड काढायचा, गरम बांधायचा. बघणाऱ्या पोरांना तो खेळाचाच भाग वाटला, ती टाळ्या पिटायला लागली. हौशीरामला त्याचं भान नव्हतं. त्याला दिसत होत्या फक्त चार पाठी, घामानं सदरे चिकटलेल्या, आणि त्या पाठी बघून त्याला अचंबा वाटला. गावच्या भजनात रंग चढल्यावर मागच्या ओळीतून अगदी अश्शाच पाठी दिसतात. दोन वर्षं भिंतीबाहेर उभं राहून त्यानं काय काय कल्पना केल्या होत्या, आणि हे तर ओळखीचं निघालं. त्याला फार बरं वाटलं, आणि आता हे सुटणार, हेही आठवलं.

कार्यक्रम संपला, गर्दी पांगली. हौशीरामनं हात पुसले आणि चावी रुस्तमच्या पुढं धरली. रुस्तमनं ती घेतली. तो गाडीकडे गेला.

हौशीराम शेगडीतले निखारे विझवायला वाकला, तेवढ्यात आग्नेलो समोर येऊन बसला. त्याच्या बोटांना फोड आले होते. त्यानं हलगी उचलली, उलटी-सुलटी करून बघितली, आतून वास घेतला.

"भाऊ," त्यानं विचारलं, "हे पुरं तापलं, हे तुला कळतं कसं?"

आजवर विचारायचं काम हौशीरामचं होतं. त्यानं हलगी निखाऱ्यावर फिरवली, आग्नेलोचं फोड आलेलं बोट धरलं आणि कातड्याच्या कडेला टेकवलं.

"हितं टिचकी मार. आता मधी. दोनी आवाज येकच आलं का? न्हाई ना? मग आजून थांबायचं."

दोघं कान लावून बसले. बाहेर डॉजचा हॉर्न एकदा वाजला, दोनदा वाजला. मग रुस्तम स्वतःच चिडून आत आला आणि त्यांच्या डोक्यावर उभा राहिला. हौशीरामनं वर बघितलं नाही; नजर हलली तर हलगी जळायची वेळ होती. थोड्या वेळानं रुस्तमही गुडघे मोडून शेगडीशी बसला. गाडीची चावी त्यानं हौशीरामच्या पुढ्यात ठेवली, हात मोकळा केला आणि बोट पुढं केलं.

"मला पण दाखव," तो म्हणाला.