कर्नलकाकांचा बारावा माणूस

मी कर्नलकाकांना म्हणालो, "बारा पुरुष जमवून आणा, गणपतीच्या कार्यक्रमात तुमच्या गाण्याला पाच मिनिटं देतो." ही माझी चूक. मंडळाचा सांस्कृतिक सचिव म्हणून माझा अनुभव असा, की फ्रीमाँटमधले बारा मराठी पुरुष जेवणाच्या रांगेखेरीज कुठेही एकत्र उभे राहत नाहीत. पण मराठी, इंग्रजी आणि रशियन अशा तिन्ही भाषांत 'अशक्य' हा शब्द न येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय, आणि तो नेमका माझ्या समोरच्या टाउनहाउसमध्ये राहत होता.

कर्नल हे नाव आम्ही ठेवलेलं. सैन्याशी काकांचा संबंध एवढाच, की नागपूरहून पोलादाच्या कामासाठी तीन वर्षं रशियात गेले असताना हॉस्टेलात त्यांना शिपायांची गाणी म्हणणाऱ्या तिथल्या एका लाडक्या रॉक बँडची कॅसेट मिळाली. खेड्यातलं अकॉर्डियन, इलेक्ट्रिक गिटार आणि मागे पलटणभर पुरुषांचा कोरस. तेव्हापासून काका टोमॅटोला पाणीसुद्धा कूच करत घालतात. संथ गाणं लागलं की फ्रीवेवर त्यांची गाडी आपोआप ताशी चाळीस मैलांवर येते. एकदा पोलिसानं थांबवलं, तर काच खाली करून त्यालाच म्हणाले, "वन मिनिट, कडवं संपू दे." तो बिचारा थांबला, आणि मग दंडाचं तिकीट दिलं.

ऑक्टोबरात काका घर विकून देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला मुलीकडे जाणार होते. त्याआधी त्यांना त्या कॅसेटमधलं एक गाणं पुष्कळ गळ्यांतून ऐकायचं होतं. "हॉस्टेलात आम्ही वीस जण म्हणायचो," ते म्हणाले. "एकट्यानं म्हटलं की गाणं वाटत नाही रे, तक्रार वाटते." मी जरा चाचरत विचारलं, "काका, सध्याच्या दिवसांत रशियन शिपायांचं गाणं…" ते शांतपणे म्हणाले, "लढायला जाणाऱ्याचं नाहीच घेतलंय. घरी परतणाऱ्याचं घेतलंय."

माणसं त्यांनी मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये पकडली. दर रविवारी मुलं आत बाराखडी गिरवतात आणि बाप दोन तास गाडीत बसून फोन बघतात. काका एकेक काच ठोठावत गेले. तिसऱ्या रविवारी अकरा बाप देवनागरीत लिहिलेलं रशियन वाचत मिनीव्हॅनभोवती पावलं टाकत होते. "डॅड, आर यू इन द आर्मी नाऊ?" एका मुलीनं विचारलं. "यार, मला पण माहीत नाही," बाप म्हणाला. बारावा मात्र मिळेना. काका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "अट तुझी आहे. उभा राहा."

काकांचा नियम एकच : विचार करायचा नाही, शेजाऱ्याच्या मागोमाग जायचं. कार्यक्रमाच्या दिवशी हार्मोनियम सुरू झाली, काकांनी हात उचलला, आणि मी थेट शेवटच्या कडव्यात घुसलो. अकराही जण शिस्तीत माझ्या मागे आले. शिपाई आघाडीवरून निघायच्या आधीच घरी पोचला. गाणं चाळीस सेकंदांत संपलं. काकांचा हात हवेत तसाच राहिला.

लोकांनी टाळ्याही वाजवल्या, कारण कुणालाच काही कळलं नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधीच बोलणार नाही. काका प्रेक्षकांकडे वळले आणि म्हणाले, "ही तालीम होती. आता गाणं." मग पहिल्यापासून म्हटलं. मी या वेळी नुसते ओठ हलवले. दुसऱ्या कडव्यावर काकांनी हात खाली घेतले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मंडळाच्या कार्यक्रमात पुरणपोळीची घोषणा झाल्यावरही कुणी जागचं हललं नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता समोरच्या टाउनहाउसमध्ये एक शांत जोडपं राहतं. टोमॅटोला पाणी आपोआप मिळतं. सकाळी कॉफी घेताना मी अजूनही काकांच्या कॅसेटमधल्या अकॉर्डियनसाठी कान देतो. परवा काकांचा फोन आला. "अल्फारेटात अकरा जण जमले बघ," ते म्हणाले. "बाराव्याची जागा रिकामी ठेवलीय."

मी लगेच लॅपटॉप उघडला. म्हटलं, "काका, विमानाचं तिकीट काढू का?"

"नको," काका म्हणाले. "तुझ्यापेक्षा रिकामी जागा सुरात आहे."