सानगडीची राखण आणि आमचे जहाज

सानगडीच्या मोतीराम काकांनी मला चार दिवस घरच्यासारखे ठेवून घेतले, हे आधी लिहितो. माझे काम पाहता त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवले असते तरी मी काय बोलणार होतो?

मी सातवीत शाळा सोडलेला, देवगडकडचा, मालवाहू जहाजावर खलाशी. काकांचा मुलगा शालिक माझा सोबती. ऐंशी सालानंतर आफ्रिकेकडच्या बंदरांत समुद्रचोरांचा उपद्रव फार झाला. नांगरलेल्या आमच्या जहाजावर ते चढले तेव्हा पहाऱ्यावर शालिक होता. त्याने ओरडून आम्हाला सावध केले आणि कोयत्याचा घाव हातावर घेतला. तो भरेपर्यंत शालिक गावी आला होता. आता जहाज पुन्हा तिकडेच निघाले होते, आणि शालिकला घेऊन यायला जहाज कंपनीच्या साहेबांनी मला धाडले होते.

साकोलीहून एसटीने सानगडीला उतरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकत आलेला धान. काकूंनी भात आणि लाखोळीचे (इकडची एक डाळ) वडे वाढले. शालिकची पिशवी भरून तयारच होती.

दिवस कलताना काका रानडुकरांपासून धान राखायला निघाले, त्या रात्री त्यांची पाळी होती; मीही गेलो. जंगलाला लागून असलेल्या बांधीत (धानाच्या शेतात) मचाण होते. पण ती बांधी गोविंदा नावाच्या शेजाऱ्याची निघाली; तोही मचाणावर होता.

"मग तुमची पाळी कशी?" मी काकांना विचारले.

"डुक्कर गोविंदाचं खाऊन घरी जाते का, बाबू? मंग आमच्याकडंच येते. ज्याचा ज्याचा धान, त्याची त्याची पाळी. तुमच्या जहाजात माल कोनाचा असते?"

"व्यापाऱ्यांचा."

"अन् राखण?"

"आम्हीच करतो. मालक म्हणतात बंदराच्या सरकारने बघावे, सरकार म्हणते मालकाने. व्यापाऱ्यांना विमा मिळतो."

गोविंदा हसला. "म्हंजे चोर तेवढे वेळेवर येतेत. बाकीचे एकमेकाले बोलवूनच राहिले."

काका हसले नाहीत. "या खेपेले राखणदार ठेवला का?"

हो म्हटले असते तर शालिक आला असता. "नाही," म्हणालो. मान वर करवेना.

"मंग माहा पोरगा येत नाही. अन् तू काहून जाऊन राहिला? राह्य इथंच. धान कापाले मानूस लागतेच."

माझ्या उत्तराने आपले जाणे अडले म्हणून शालिक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला राहणे शक्य नव्हते. घर माझ्याच पगारावर. निघताना काकांनी पिशवीत तांदूळ घातला. त्यांचा मुलगा न्यायला आलेल्याला.

मुंबईत साहेबांना भीत भीत म्हणालो, ज्यांचा माल, त्यांनी वाट्याप्रमाणे राखणदाराचा खर्च द्यावा. ते म्हणाले, "हे खलाशाने ठरवायचे नसते."

पहाऱ्यावर आता शालिकच्या जागी मी आहे. सुखरूप परतलो तर एका सुगीला काकांना घरी बसवून त्यांची पाळी मी करीन. त्याने सगळे फिटणार नाही, पण करीन.