सुमनताईंची वही

मंडळी, मी शाहूपुरीत बसून लग्नपत्रिकेचा मजकूर पानावर मांडायचं सॉफ्टवेअर लिहितो. इचलकरंजीच्या एका छापखान्यात सुमनताई ते वापरतात. ते मधेच बंद पडतं, असा त्यांचा फोन यायचा. परत चालू करा, एवढंच मी सांगायचो.

आज त्या वही घेऊन आल्या. "मालक म्हणत्यात, तुलाच जमत न्हाय. दुसरी बाई बघायला लागल्यात."

बंद पडण्याआधी काय केलं, ते वहीत दर वेळी लिहिलं होतं. दर वेळी नातेवाइकांची नावं दुसऱ्या पानावर गेली होती. सॉफ्टवेअर लिहिताना मी पत्रिकेला एकच पान धरलं होतं.

"भावकी एका पानात मावती व्हय?" ताई म्हणाल्या.

त्यांच्यासमोरच मालकांना फोन केला आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. वही मात्र मी मागून घेतली.

तुमची चूक इतक्या काळजीनं कुणी लिहून आणली आहे का?