भोंग्यातला आवाज

लाल मिरचीचा ठसका लागला की मला धर्माबादचा तो बाजार आठवतो. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. आई आणि मी मिरची घेत होतो, तेवढ्यात चहाच्या जाहिरातीची जीप आली आणि भोंग्यातून वडील बोलले, “लई भारी हाय बघा, हिनंच केलाय!” मागोमाग त्यांचं ते खोकल्यात अडकणारं हसू. आईच्या हातातली पिशवी गळून पडली. वडिलांच्या शेवटच्या उन्हाळ्यात एक मुलगी चहाच्या सर्वेक्षणासाठी घरी आली होती. “फक्त अभ्यासासाठी रेकॉर्ड करते काका, बाहेर कुठं जाणार नाही,” असं सांगून तिनं आईच्या चहाबद्दलचं त्यांचं बोलणं टिपून घेतलं होतं. मी जीप अडवली. “कंपनीनं दिलंय, मला काय ठाव?” ड्रायव्हर म्हणाला. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, भोंग्याकडं बघत म्हणाली, “अजून एकदा लावा.” पुढं मी तक्रार केली. कंपनीनं माफी मागितली आणि तो आवाज कायमचा पुसून टाकला. मी केलं ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं. पण आवाज पुसल्याचं सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, “त्यांनी तुझ्या बापाला इचारलं न्हाई, अन् तू मला.”