सगळेच दिवे एकदम

सकाळी गाडीचं बटण दाबलं आणि समोर सगळेच दिवे एकदम लागले. ब्रेकचा लाल, स्टिअरिंगचा पिवळा, त्रिकोणातलं उद्गारचिन्ह, आणि वर ‘हायब्रिड यंत्रणा तपासा’ अशी तंबी. एकच लागला असता तर घाबरलो असतो. इतके लागल्यावर नेमकं कशाला घाबरायचं तेच कळेना.

ओळखीचे मेकॅनिक आले. “ब्रेक, स्टिअरिंग, मोठी बॅटरी, सगळं ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “ही लहान बॅटरी उभ्या उभ्या उतरलीय. तिच्यात दम नसला की बाकीचे सगळे ओरडायला लागतात. गाडी चालवत नाही का तुम्ही?”

नवी गाडी म्हणून महिनाभर कव्हर घालून जपली होती, हे सांगताना मी ओशाळलो.

मग यातला खरं बोलणारा दिवा कोणता? की सगळेच खोटे? जिना चढताना मला आई आठवली. गेले काही महिने तिला चहा पाणचट लागतो, पंख्याचा आवाज होतो, गुडघा दुखतो, शेजारचे फार मोठ्याने बोलतात. मी चहापत्ती बदलली, पंख्याला तेल दिलं, गुडघा डॉक्टरांना दाखवला. “आता तू काही करायचं नाहीस, नुसतं बसायचं,” असंही तिला बजावलं. जपायचं म्हणूनच ना?

काही उमगलं होतं की नाही, कोण जाणे. दारातूनच विचारलं, “आई, आज आमटी तू करतेस?”

“गुडघा दुखतोय रे,” ती म्हणाली, आणि पदर खोचून ओट्याकडे निघाली.