चोरीचा मनीप्लांट

समोरच्या घरातली ती बाई काहीही सांगितलं तरी आधी ‘हव’, म्हणजे ‘हो’, म्हणते आणि मग स्वतःचंच खरं करते. माझ्या मनीप्लांटला हात लावू नको, असं तिला किती वेळा बजावलं. दर वेळी ‘हव’. मनीप्लांट चोरून आणून लावला तरच घरात बरकत येते, असा तिचा ठाम समज. बरं, धड चोरायचीही अक्कल नाही. नुसती पानं देठापासून खुडते, बाटलीत पाणी घालून ठेवते आणि ती सडली की पुन्हा माझ्या फाटकाशी हजर!

ही वेल आमच्या ह्यांनी लावलेली. ते गेल्यापासून रोज सकाळी मी ओल्या फडक्यानं तिच्या एकेका पानावरची सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ पुसते. काल पाहते तर खिडकीपर्यंत चढलेली वेल पार बोडकी.

माझं डोकंच फिरलं. कात्रीनं गाठीखालून चांगला तुकडा कापला आणि तिच्या दारात जाऊन ओरडले, “काहून छळून राहिली मले? ही गाठ दिसते? मूळ इथूनच फुटते, पानाला नाही. घे!”

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“हव दीदी. पण दिलेलं लागत नाही ना. तुम्ही फाटकावर ठेवा अन् आत जा.”

तणतणत मी परत फिरले. तरी तो तुकडा फाटकात अडकवला, आत येऊन दार लावलं. आणि तिच्या चपला वाजून परत जाईपर्यंत माझ्याच घरात, श्वास रोखून, चोरासारखी उभी राहिले.