साखरबाईची घरची माणसं

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या व्यसनमुक्ती केंद्रात नऊ दणकट गड्यांनी अंघोळीवर बहिष्कार टाकला. त्याला सर्वस्वी जबाबदार होता रविंद्र.

रविंद्र लोणी भापकरचा. बी.ए. झालेला, केंद्रात कारकून म्हणून लागून तीन महिने झालेले. सासऱ्यानं दिलेल्या घड्याळाकडे नवा जावई बघतो, तशा कौतुकानं तो केंद्राच्या रजिस्टरकडे बघायचा. आदल्या दिवशी दुपारी इंदापूरच्या एसटीतून साखरबाई उतरली तेव्हा हेच रजिस्टर त्याच्यापुढं उघडं होतं. हिरवी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पत्र्याची पेटी, आणि उंची अशी की दारातून येताना तिला वाकावं लागलं.

"दारू सोडायची हाय," ती म्हणाली. "दोन ठिकाणी जाऊन आले. तितं पुरुषांची सोय व्हती, एका ठिकाणी बायकांचीबी व्हती. माजी न्हवती."

रविंद्रनं रेशनकार्ड मागितलं. कार्डावर 'हिंदुराव, पुरुष' असं होतं. त्यानं कार्डाकडे पाहिलं, साखरबाईकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. माणूस आणि कागद यांचं भांडण लागलं तर कागदाची बाजू घ्यायची, एवढं तो तीन महिन्यांत शिकला होता. त्यानं सुरेख अक्षरात 'पुरुष' लिहिलं आणि पुरुषांच्या हॉलमधली सात नंबरची खाट तिला दिली.

सकाळी येऊन बघतो तर नऊच्या नऊ रुग्ण खांद्यावर टॉवेल टाकून अंगणातल्या लिंबाखाली बसलेले.

"अंघोळी नाही केल्या?"

"आत बाईमाणूस हाय," निमगाव केतकीचा रामहरी म्हणाला. तो त्यातल्या त्यात पुढारी. "कापडं कशी बदलायची?"

"अहो, रजिस्टरात पुरुष लिहिलंय."

"मग रजिस्टरासमोर बदलतो की. तिच्यासमोर न्हाय बदलणार."

रविंद्र आत गेला. साखरबाई कालच्याच साडीत खाटेच्या कडेवर अवघडून बसली होती. "त्यांचं बरं हाय, रविंद्रराव," ती म्हणाली. "त्यांना भाईर पळता आलं. मी साडी कुठं बदलायची ते तुमी सांगा."

तिला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत आपणच पहिले, हे रविंद्रला तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यानं दुपारपर्यंत स्टोअरच्या खोलीतल्या जुन्या सतरंज्या बाहेर काढल्या, जाळी झाडली, एक खाट आत टाकली आणि दाराला आतून कडी बसवून घेतली. मग रजिस्टरातला 'पुरुष' खोडला. तिथं दुसरं काही लिहायचा धीर मात्र त्याला झाला नाही. ती जागा तशीच कोरी राहिली.

पहिले तीन दिवस साखरबाईचे वाईट गेले. अंग कापायचं, घामानं उशी भिजायची, चहाची कपबशी हातात वाजायची. डॉक्टर दोन वेळा येऊन गोळ्या, इंजेक्शन देऊन जायचे. चौथ्या दिवशी ती जरा बोलती झाली, आणि पाचव्या दिवसापासून तिला थांबवणं कठीण झालं. स्वयंपाकवालीच्या आमटीला तिनं 'गरम पाणी' असं नाव ठेवलं. रामहरीच्या घोरण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की रामहरीनं "मी न्हाय, माजा भाऊ घोरतो" म्हणून शपथ घेतली.

स्वतःची गोष्टही ती त्याच सुरात सांगायची. सोळाव्या वर्षी घर सोडलं. भावानं गावात सांगितलं, वारला. "माजं तेरावं जेवून गाव मोकळं झालं. बुंदी केली व्हती म्हणं. मला आवडती, पन बोलावलं न्हाय." मग इंदापूरच्या प्रयागबाईंनी, म्हणजे तिच्या गुरूंनी, तिला घरात घेतलं आणि ढोलकी शिकवली. बारसं असो, घरभरणी असो, साखरबाईची ढोलकी ऐकायला शेजारची गल्ली गोळा व्हायची. "चारचौघांत नाचाय-वाजवायची लाज वाटायची, म्हणून आदी एक घोट घ्यायचा. पुढं लाज गेली, घोट राहिला."

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात साहेबराव आबांनी रजिस्टर मागवलं.

साहेबराव आबा केंद्राचे अध्यक्ष. धाकटा भाऊ दारूनं गेल्यावर त्यांनी स्वतःचं घर देऊन हे केंद्र काढलं होतं, त्यामुळं नियमांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. नियम असा, की महिन्याच्या पहिल्या रविवारच्या कुटुंबसभेत घरच्या माणसानं येऊन सही करायची: रुग्ण घरी आल्यावर आमच्या घरात दारू येणार नाही. सही नसेल तर सोमवारी केंद्रातून रवानगी. साखरबाईच्या नावापुढं नातेवाइकाचा रकाना रिकामा होता.

"गुरू आहेत तिच्या," रविंद्र म्हणाला.

"गुरू मला बी हायेत. ते माज्या घरी भांडी घासाय येत न्हाईत. सही रक्ताच्या माणसाची लागंल."

"रक्ताच्या माणसानं तेरावं घातलंय, आबा."

आबांना पटलं, पण नियमाला काही पटलं नाही. तिथून निघून तिनं पुन्हा कुठल्या दारात उभं राहायचं, हे रविंद्रला सुचेना. चौथं दार त्याच्या माहितीत तरी नव्हतं. त्यानं कुणालाही न विचारता इंदापूरला प्रयागबाईंना पोस्टकार्ड टाकलं.

रविवारी साखरबाईनं सकाळीच पेटी भरून ठेवली. सभेत रुग्णांना प्रवेश नसे, त्यामुळं ती आपल्या खोलीत बसून राहिली. दहाच्या सुमाराला गावोगावची माणसं भरून नेणारी एक वडाप जीप फाटकाशी थांबली. पुढून प्रयागबाई उतरल्या, साठीच्या, नाकात नथ, हातात छत्री. मागून आणखी पाच जणी उतरल्या, आणि सभेतल्या सगळ्या बायकांनी एकदम पदर सावरले.

ही सभा म्हणजे केंद्रातला सगळ्यात शांत कार्यक्रम. आबा दर वेळी विचारायचे, ह्यांच्या पिण्याचा घरच्यांना काय त्रास झाला? बायका जमिनीकडे बघून म्हणायच्या, काय न्हाय जी. आबा विचारायचे, घरात आणखी कोण पितं? उत्तर, कोण न्हाय जी. त्या दिवशीही चार घरं अशीच 'काय न्हाय' करून बसली. रामहरीची बायको भागूबाई तर प्रश्न पुरा व्हायच्या आत मान हलवून मोकळी झाली.

मग प्रयागबाई उठल्या. त्यांनी एक टाळी वाजवली, आणि मागं डुलकी घेणारा एक सासरा जागा झाला.

"त्रास विचारता व्हय आबा? बसा मग. हिनं तीन हंडे फोडले. माजी नथ दोनदा हरिवली. भिगवणला एका लेकराच्या पाचवीला ढोलकी वाजवता वाजवता झोपली. लेकरू टक्क जागं, आन ही घोरतीय. सटवाईला कळंना, कुनाचं नशीब लिवायचं."

सभेत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. भागूबाईच होती ती.

"घरात आणखी कोण पितं?" आबांनी विचारलं.

पाचही जणी छताकडे बघू लागल्या.

"मी," प्रयागबाई म्हणाल्या. "सणावाराला. कार्ड आल्यापासनं बंद. ह्या दोघीबी. ह्या तिसरीवर माजा अजून भरवसा न्हाय, पन नजर हाय."

आबांनी चष्मा काढून पुसला. "समदं खरं, प्रयागबाई. पन नातं?"

"आमच्यात चेला अशी न्हाय घेत, आबा. पाच पंच बसवून घेत्यात. आजारपण, म्हातारपण, मरण, समदं त्यांच्यासमोर पत्करायचं. ह्या त्याच पाच." त्यांनी छत्रीनं पाचही जणी दाखवल्या. "भावानं हिला सोडली, मी पाचांसमोर घेतली. आता सही कुनी करायची, सोडणाऱ्यानं का घेणारीनं?"

तेवढ्यात भागूबाई उठून उभी राहिली. "आबा, माजं मगाचं खोटं लिवा," ती म्हणाली. "आमच्यात सासराबी पितो. बाटली कणगीत ठिवतो." मागचा सासरा पुन्हा झोपेचं सोंग घेऊ लागला. मग दुसरी उठली, तिसरी उठली, आणि एक वाजून गेला तरी सभा आटपेना.

आबांनी शेवटी रजिस्टर ओढून प्रयागबाईंसमोर ठेवलं. त्यांनी अंगठा उठवला, पाचही जणींनी साक्षीला आपापले उठवले. "नात्यात काय लिहू, आबा?" रविंद्रनं विचारलं.

"'घरची' म्हणून लिव. आन वर ते कोरं सोडलंयस, तितं बाई लिव. नऊ गडी भाईर बसले तवा समद्या केंद्राला कळलं, तुलाच कळायचं ऱ्हायलं."

रविंद्रनं दोन्ही लिहिलं आणि शाई वाळायच्या आत स्टोअरच्या खोलीकडे धावला. साखरबाई भरलेल्या पेटीवर बसली होती.

"पेटी सोडा, साखरबाई. सही झाली. आणखी तीन आठवडे इथंच राहायचं," तो धापा टाकत म्हणाला. "आता तरी आनंद झाला ना?"

"आनंद कसला, रविंद्रराव, आता खरंच सोडावी लागंल."